इलाची जागा ठरवताना

बास्केटबॉलमध्ये गार्ड दोन प्रकारचे असतात, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी सुखाने जगावं. मला ते कळलं त्या दिवसापासून माझी दुपारची झोप गेली, आणि नालवाडीतल्या आमच्या शिक्षक कॉलनीत माझी जी काही इभ्रत होती, तीही तिच्या मागोमाग गेली.

कळलं ते असं. माझी नात इला आठवीत आहे. रोज संध्याकाळी ती शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळते आणि मी तिला आणायला जातो. म्हणजे ती सायकलवर पुढे निघून येते आणि मी मागून चालत येतो. पण 'आणायला गेलो होतो' असं म्हणायला बरं वाटतं. तिची प्रशिक्षक सुरभी ही माझीच जुनी विद्यार्थिनी. अपूर्णांकांच्या बेरजेत वरचे वर मिळवून आणि खालचे खाली मिळवून मोकळी होणारी ही मुलगी आता मैदानभर पोरींना एका शिट्टीवर पळवते, याचा मला अभिमानच आहे. त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ आली.

"सर, पुढच्या रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. चौदा वर्षांखालच्या मुली. इलाचं नाव देऊन राह्यली मी. फक्त एक ठरवाचं आहे. पॉइंट गार्ड का शूटिंग गार्ड?"

प्रश्न नीट समजल्याशिवाय उत्तर लिहायला घेऊ नये, हे मी आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून सांगत आलो. म्हणून विचारलं, "फरक काय?"

"पॉइंट गार्ड बॉल घेऊन पुढं येते. कोणाले द्याचा, कधी द्याचा, ते ठरवते. बाकीच्याइले जागेवर लावते. शूटिंग गार्ड मोकळी जागा पाहून उभी राहते, बॉल आला की लांबून बास्केट करते. इलाले दोन्ही येते, तोच तर वांधा आहे. निवडीत दोन्ही जागांच्या पोरी वेगवेगळ्या पाहतात. दोन्हीकडं पाय ठेवला की दोन्हीकडून जाते."

"मग तूच ठरव ना. तू प्रशिक्षक."

"मी सांगतलं तर ते पोरगी माझ्यासाठी खेळन. तिनंच ठरवलं पाह्यजे. बॉल हातात नसताना ते काय करते तेवढं पाहा घरी, त्यावरून समजते बरंच. पण सर, तुमी नका ठरवू, हां."

हे शेवटचं वाक्य मला ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही. ऐकू आलं. मी ते आदराने बाजूला ठेवलं.

कारण माझं उत्तर तिथल्या तिथे तयार झालं होतं. बॉल घेऊन पुढे येणारी, सगळ्यांना जागेवर लावणारी, कोणाला कधी काय द्यायचं ते ओळखणारी ही तर वर्गशिक्षिकाच झाली! आमच्या घरात तीन पिढ्या मास्तर. माझ्या मुलाने, सुमीतने, बँकेत जाऊन ही परंपरा मोडली, ती नातीकडून जोडून घ्यायची संधी आपण होऊन चालत आली होती. इलाने पॉइंट गार्ड व्हावं, यात मला विचार करण्यासारखं काही दिसेना.

पण मी जुन्या वळणाचा, संयमी शिक्षक आहे. मुलांना उत्तर सांगायचं नसतं. ते त्यांना स्वतःहून सापडू द्यायचं असतं. आपल्या उत्तराशी जुळेपर्यंत.

घरी आल्यावर मी विषय काढला. इला पोळीचा घास तोंडात ठेवून म्हणाली, "विचार करून राह्यली, आबा." हे उत्तर तिने इतक्या शांतपणे दिलं की ते मी उत्तर म्हणून धरलंच नाही.

माझी पत्नी सुनीती हिने मात्र लगेच निकाल दिला. "ज्यात गुडघे कमी फुटतात ते घ्या."

"अगं, गुडघ्यांवरून जागा ठरत नसते."

"तुम्ही आयोडिन लावता का तिच्या गुडघ्यांना? मी लावते. मग मी ठरवीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळशीला पाणी घालत असताना भिंतीपलीकडून ओमप्रकाश डोकावले. आमचे शेजारी. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले, आर्वीकडे शेती, आणि कुठल्याही विषयावर मत. कॉलनीत बातमी कशी पसरते यावर कोणीतरी संशोधन करायला हवं. मी फक्त घरात बोललो होतो, तेही पंखा चालू असताना.

"सर, ऐकलं ते खरं हाय का? पोट्टीले गार्ड करून राह्यले म्हणते तुमी?"

मी फरक समजावून सांगितला. दहा मिनिटं लागली, कारण मध्ये मी भिंतीवर पाण्याने आकृती काढली आणि ती ऊन लागून वाळत होती.

"मंग यात इचार कायचा?" ओमप्रकाश म्हणाले. "शूटिंग! जो बास्केट टाकते त्याचंच नाव पेपरात येते. ज्यानं बॉल देल्ला त्याचं नाव कोणी छापलं कधी? म्या अख्खी जिंदगी बजेट बनवलं, सर. सही साहेबाची."

त्यांच्या आवाजात जुनी जखम होती, म्हणून मी वाद घातला नाही. तेवढ्यात आतून कोकिळाबाई आल्या, हातात लाटणं.

"काही शूटिंगफिटिंग नाई! सर, मी सांगते. ते पॉइंटवाली पोरगी म्हणजे घरातली मोठी सून. सगळ्याइले वाढाचं, कोणाच्या पानात काय नाई ते पाहाचं, अन चुकलं की सगळ्याइनं तिलेच बोलाचं."

"अन शूटिंगवाली?" ओमप्रकाशांनी विचारलं.

"ते जावई. येते, बसते, आयतं हातात येते, तोंडात टाकते. अन लोकं टाळ्या वाजवते."

"मंग जावईच बरा ना!"

"बरा तर हायेच," कोकिळाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की आम्ही दोघंही आपापल्या कामाला लागलो.

हे सगळं ऐकून कोणीही पाटी पुसून मोकळा झाला असता. पण मूल्यमापनाशिवाय निर्णय घेणं मला मान्य नाही. मी चाचणी परीक्षा घ्यायचं ठरवलं. एक लेखी प्रश्नपत्रिका काढली. सुवाच्य अक्षरात, वर सूचना, उजवीकडे गुण. पहिला प्रश्न: 'तुझ्यासमोर प्रतिस्पर्धी संघाच्या दोन मुली आहेत. उजवीकडे तुझी मैत्रीण रूपाली मोकळी आहे. तू काय करशील? आकृतीसह स्पष्ट कर.'

इलाने उत्तर लिहिलं: 'रूपाली मोकळी असूच शकत नाही. तिला रोज ट्यूशन आहे.' आकृतीत तिने एका मुलीच्या पाठीवर मोठं दप्तर काढलं होतं. दप्तर उत्तम होतं. मी आकृतीचे गुण दिले.

ओमप्रकाशांनी त्या पेपरची फेरतपासणी मागितली. त्यांचं म्हणणं, मी पॉइंटच्या बाजूने प्रश्न काढले. मी त्यांना सांगितलं की परीक्षकाच्या निष्पक्षपणावर माझ्या उभ्या कारकिर्दीत कोणी बोट ठेवलं नाही. ते म्हणाले, "तेव्हा पोट्टे घाबरत होते, सर." यानंतर दोन दिवस आम्ही भिंतीवरून बोललो नाही. कॉलनीत मात्र दोन तट पडले. सकाळी फिरायला जाणाऱ्यांमध्ये पॉइंटवाले कालव्याच्या बाजूने जाऊ लागले आणि शूटिंगवाले रस्त्याने. यातल्या एकानेही बास्केटबॉलचा सामना पाहिलेला नव्हता.

इकडे नावनोंदणी बाकी होती. सुरभी निवडीच्या तयारीत अडकलेली, म्हणून तिने ते काम माझ्यावर सोपवलं. क्रीडाविकास मंडळ नावाच्या कार्यालयात मी ऑटोने गेलो. टेबलामागे एक बाबू होते आणि त्यांच्यापुढे कम्प्युटर.

"नाव सांगा. शाळा सांगा. जागा सांगा."

"जागेचं अजून ठरायचं आहे."

"ठरवून या."

"तोपर्यंत 'दोन्ही' लिहा."

"आजोबा, याच्यात 'दोन्ही' नाई हाय."

"मग रिकामं ठेवा."

"रिकामं ठेवलं की हा पुढं जात नाई." त्यांनी कम्प्युटरच्या डोक्यावर थोपटलं, बैलाला थोपटावं तसं. "पोरीची उंची किती हाय?"

"उंचीचा काय संबंध?"

"पाच फुटाच्या आत असली की पॉइंट, वर असली की शूटिंग. आमी असंच करतो. कोणाची तक्रार नाई."

इला बरोबर पाच फूट आहे. केस वर बांधले की शूटिंग आणि वेणी घातली की पॉइंट, असा त्याचा अर्थ होत होता. मी त्यांना शांतपणे, एका संयमी शिक्षकाला शोभेल अशा आवाजात समजावलं की मुलांची उंची ही वाढणारी गोष्ट आहे, तर कौशल्य ही वाढवण्याची गोष्ट आहे. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी "वा!" म्हटलं. बाबूंनी म्हटलं नाही.

"शनिवारी या. शनिवारपर्यंत मुदत हाय," ते म्हणाले.

मी छाती काढून बाहेर पडलो. माझं म्हणणं अर्धंही ऐकलं गेलं नव्हतं, पण मी माघार घेतली नव्हती. ही गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा सुनीती म्हणाली, "म्हणजे काम झालं नाही, असंच ना?" स्त्रिया कधीकधी फार थोडक्यात बोलतात.

आता सुरभीचं वाक्य मला आठवत होतं: बॉल हातात नसताना ते काय करते तेवढं पाहा. घरी बॉल हातात नसताना इला झोपते किंवा मोबाइल पाहते. यावरून कोणतीच जागा ठरेना. शेवटी तोडगा ओमप्रकाशांनी काढला. अबोला मोडून ते भिंतीशी आले.

"सर, गुरुवारी मंदिरात महाप्रसाद हाय. पोट्टीले पंगतीत वाढाले लावा. तुमी एका कोपऱ्यात बसा, म्या दुसऱ्या. जे दिसन ते दिसन. मंग कोणी कोणाचं नाव नाई घ्याचं."

कल्पना निर्दोष होती. पंगत म्हणजे पळापळ, जागा, अंदाज, सगळंच. आणि परीक्षा चालू आहे हे परीक्षार्थीला कळणारही नव्हतं. मी होकार दिला.

मंदिराच्या मंडपात दोन लांब पंगती बसल्या. सतरंज्या, पत्रावळी, वांग्याची भाजी, वरण-भात, पोळ्या आणि बुंदीचे लाडू. इलाच्या हातात भाजीची बादली. पहिल्या फेरीतच मी समाधानाने मान डोलावायला लागलो. ती वाढत होतीच, पण डोळे सगळीकडे.

"रूपाली, त्या टोकाले वरण नाई पोचलं! काकू, पोळ्या इकडून आणा, तिकडून रस्ता बंद आहे! ए रजत, पाणी दे त्या आजीले, ठसका लागला!"

घरी जी मुलगी मीठ मागायलासुद्धा तोंड उघडत नाही, ती इथे साऱ्या मंडपाला हाकत होती, आणि मंडप ऐकत होता. मी दुसऱ्या कोपऱ्यातल्या ओमप्रकाशांकडे विजयी नजरेने पाहिलं. त्यांनी नजर पोळीत लपवली.

मग लाडू आले. इलाने बादली ठेवून लाडवांचं ताट घेतलं. दुसऱ्या पंगतीत अगदी भिंतीला लागून मंदिर समितीचे अध्यक्ष तानबाजी बसले होते; पांढरं शुभ्र धोतर, पांढरा सदरा. त्यांनी हात वर करून लाडू मागितला. इला आणि तानबाजी यांच्यामध्ये महिला मंडळाची भरगच्च रांग होती आणि त्यातून वाट नव्हती. इलाने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे. मग गुडघे किंचित वाकवले.

लाडू हातातून सुटला तो क्षण मी विसरणार नाही. महिला मंडळाच्या डोक्यांवरून, सावकाश फिरत, सुरेख कमान घेऊन तो गेला आणि तानबाजींच्या पत्रावळीत, भाताच्या बरोबर मध्यभागी बसला. फुटला नाही. बुंदीची एक कळी निघाली नाही. फक्त भातावरचं वरण तेवढं उडालं आणि धोतरावर गेलं.

 दुसऱ्या कोपऱ्यातून ओमप्रकाश उभे राहून ओरडले, "शूटिंग! शूटिंग! पाह्यलं का, सर?"

पुढचं सगळं फार वेगाने झालं. प्रसाद फेकला, असा गलका उठला. जेवणं आटोपताच समिती तिथेच सतरंजीवर बसली. तानबाजींनी धोतराचा डाग सर्वांना दाखवला आणि म्हणाले, "मास्तरच्या घरची पोर प्रसाद फेकते! तिनं सगळ्याइसमोर माफी मागाची. नाई तर पुढच्या महाप्रसादाले तुमच्या घराले निमंत्रण नाई."

कोणाच्याही घरातला वडीलधारा अशा वेळी हात जोडतो. मी उठलो तो जोडण्यासाठीच उठलो होतो. पण उठल्यावर इला दिसली. ताट छातीशी धरून उभी, मान ताठ. आणि माझ्यातला परीक्षक जागा झाला.

"तानबाजी, तुम्ही लाडू मागितला होता का?"

"हाव, मागतला."

"तो खाली पडला?"

"नाई."

"फुटला?"

"नाई, पण..."

"दुसऱ्याच्या पानात गेला?"

"मास्तर, वाढाचं हातानं असते!"

"हातानेच वाढला. हात जरा लांब होता, एवढंच. माफी कशाची?"

महिला मंडळातून कोणीतरी हसलं, आणि तानबाजी लाल झाले. आता प्रकरण हाताबाहेर जाणार, हे मला कळलं. पण मी एक पाऊलही मागे घेणार नव्हतो. घेतलं इलाने, पुढे.

"तानबाजी आजोबा, वरण उडालं, त्याच्यासाठी सॉरी. धोतर मी धुवून देते. लाडवासाठी नाई म्हणणार मी सॉरी. तो बरोबर पडला."

तानबाजींनी पुराव्यासाठी ठेवलेली पत्रावळ जवळ ओढली. मग तिच्यातला लाडू उचलून तोंडात टाकला. खाताना कोणालाच अध्यक्षपणा टिकवता येत नाही. सभा आपोआप संपली. धोतर आमच्या घरी आलं आणि सुनीतीने धुतलं, कारण इलाला दुसऱ्या दिवशी सराव होता. "लांबून वाढायची हौस नातीची, आणि डाग काढायची माझी," असं ती दोरीवर धोतर टाकताना म्हणाली.

पण परीक्षेचा निकाल काय? मी म्हणालो, तिने अख्खी पंगत लावली, म्हणजे पॉइंट. ओमप्रकाश म्हणाले, लाडू लोकाइच्या ध्यानात राह्यला, पंगत कोणाच्या राह्यली? म्हणजे शूटिंग. आम्ही जिथे होतो तिथेच होतो. फक्त वर एक धोतर चढलं होतं.

शनिवारी मी कार्यालयात गेलो. कुलूप. बाजूच्या चहावाल्याने सांगितलं, "दुसरा शनिवार हाय ना बाबूजी, सुट्टी." ज्या बाबूंनी मला शनिवारची मुदत दिली त्यांनी कॅलेंडर पाहिलं नव्हतं, आणि ज्याने जन्मभर दुसऱ्या शनिवारची सुट्टी उपभोगली त्या मीही ते पाहिलं नव्हतं. संध्याकाळी सुरभीच्या मोबाइलवर यादी आली. इला: शूटिंग गार्ड. तिने बाबूंना फोन लावला. ते म्हणाले, "तुमच्याकडून कोणी सांगतलं नाई, तर कम्प्युटरनंच टाकलं. जे आधी दिसते तेच टाकते तो."

ओमप्रकाशांनी ही बातमी ऐकून पेढे आणले. मी पेढा खाल्ला नाही. मी टेबलाशी बसून निषेधाचा अर्ज लिहिला. उद्या निवडीच्या मैदानावर, सर्वांसमोर, मी तो वाचून दाखवणार होतो.

इला बुटांच्या नाड्या ओवत होती. मी म्हटलं, "बाळा, तू काळजी करू नको. उद्या मी बोलतो."

"नका बोलू, आबा."

"मी नाही बोललो तर कोण बोलेल?"

तिने नाडीचं टोक तोंडात ओलं केलं आणि भोकातून ओढलं. मी अर्ज घडी करून खिशात ठेवला.

रविवारी सकाळी वर्ध्याच्या मैदानावर जिल्हाभरातून पोरी आल्या होत्या. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, आष्टी. उंच उंच पोरी, चापून बांधलेले केस, आणि प्रत्येकीमागे एक वडीलधारा काहीतरी सांगत असलेला. आम्हाला सिमेंटच्या पायऱ्यांवर बसवलं. माझ्या एका बाजूला सुरभी, दुसऱ्या बाजूला ओमप्रकाश आणि कोकिळाबाई. ते स्वखर्चाने आले होते आणि डब्यात चिवडा होता.

निवड समितीच्या सरांनी शिट्टी वाजवली. "पॉइंट गार्ड डावीकडं, शूटिंग गार्ड उजवीकडं!"

इला डावीकडे जाऊन उभी राहिली.

सरांनी हातातली यादी पाहिली. "ए, तू काय नाव? इला? तुझं शूटिंगमध्ये हाय. तिकडं जा."

"नाई सर. मी इकडं."

"यादीत हाय ना इथं."

"यादी चुकली आहे."

आजूबाजूच्या पोरी हसल्या. सर म्हणाले, "बरं, दाखव इथंच. दोनदा बॉल गेला तर मुकाट तिकडं जाजो."

मी खिशाला हात लावला. सुरभीने माझा हात धरून ठेवला.

खेळ सुरू झाला. आष्टीच्या दोन उंच मुली इलावर चालून आल्या, आणि पहिल्याच फेरीत तिच्या हातातून बॉल गेला. ओमप्रकाश हळूच म्हणाले, "शूटिंगले उभी असती तर आतापरेंत टाकला असता." दुसऱ्या फेरीत तिने बॉल सांभाळला, डावीकडे पास दिला, पण ती पोरगी भलतीकडे धावली आणि बॉल रेषेबाहेर गेला. दोन झाले. सरांनी हात वर केला आणि उजवीकडे बोट दाखवलं.

इला हलली नाही. "सर, दुसरा माझ्यामुळं नाई गेला. ते भलतीकडं धावली. मी तिले सांगते कुठं धावाचं."

"बाई, तू निवड द्याले आली का शिकवाले?"

हे वाक्य माझ्या वर्मी लागलं. शिकवणं या गोष्टीचा असा अपमान माझ्यासमोर कोणी केलेला नाही. मी सुरभीचा हात सोडवला, उभा राहिलो, खिशातून अर्ज काढला आणि माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात सुरुवात केली: "माननीय महोदय..."

"आबा!" खालून आवाज आला. पंगतीत ऐकला होता तोच, पण आता माझ्यासाठी. सारं मैदान वर पाहू लागलं. "आबा, बसा खाली!"

ज्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या पोरांना 'खाली बस' म्हणण्यात आयुष्य घालवलं, त्याला तेच चारचौघांत, आणि नातीने! कान तापले. कोकिळाबाईंनी चिवड्याचा डबा बंद केला. एक क्षण असं वाटलं की ताडताड खाली उतरावं आणि तिला घरी घेऊन जावं.  तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती. तिला भीती वाटत होती, हे इतक्या लांबूनही दिसत होतं. आणि ती तरीही डावीकडेच उभी होती.

मी बसलो.

इला वळली. त्या भलतीकडे धावलेल्या पोरीजवळ गेली, तिच्या कानात काहीतरी सांगितलं, बोटाने जागा दाखवली. सरांनी कपाळाला हात लावला, पण शिट्टी तोंडात घेतली. "शेवटचा. मंग तिकडं."

त्या दोन उंच मुली पुन्हा आल्या. इलाने बॉल या हातातून त्या हातात घेतला, दोघींच्या मधल्या फटीत खांदा घातला आणि घसरत बाहेर पडली. गुडघा फुटला, सुनीतीचं काम वाढलं. बास्केट समोर मोकळी होती. ओमप्रकाश उठून ओरडले, "मार! मार!" तिने मारला नाही. न बघता डावीकडे दिला, आणि ती पोरगी या वेळी बरोबर तिथेच होती. बास्केट झाली. ती पोरगी दोन्ही हात वर करून नाचली. इला मागे धावत होती, पुढचीला ओरडून सांगत, "मधे ये, मधे!"

सरांनी तिला उजवीकडे जायला सांगितलं नाही. नंतरही नाही.

दुपारी नावं वाचली. इलाचं अगदी शेवटी आलं, तोवर कोकिळाबाई रडायला लागल्या होत्या आणि त्यांना रडणं चालू ठेवावं की थांबवावं ते कळेना. इला पुढे गेली. पण सरांनी दिलेली टीशर्ट तिने घेतली नाही. "सर, आधी यादीत दुरुस्त करा." सरांनी पेन शोधलं. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मग टीशर्ट घेतली.

परतीच्या ऑटोत मी तिला विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा, उत्तर माझ्याजवळ तयार न ठेवता विचारलं. "पॉइंटच का गं? सगळ्यांना सोबत न्यायला आवडतं म्हणून?"

"नाई, आबा." ती गुडघ्यावरची माती झटकत होती. "शूटिंगवालीले बॉल येण्याची वाट पाहावी लागते. कोणी देते, कोणी नाई देत. मले नाई जमत तसं उभं राहणं. मी सोमवारीच ठरवलं होतं. तुमाले सांगणार होती, पण तुमी पेपर घेऊन आले."

माझ्या तीन पिढ्यांच्या परंपरेला यात कुठेही जागा नव्हती. मी ती शोधूनही पाहिली.

कॉलनीच्या फाटकाशी सगळे जमले होते, दोन्ही तट. तानबाजीही होते, धुतलेल्या धोतरात. "पॉइंटमध्ये झाली!" कळताच पॉइंटवाल्यांनी मला खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. "सर, जिंकले तुमी! तुमी पह्यलेपासूनच म्हणत होते!"

ओमप्रकाश ऑटोतून उतरले. त्यांना सगळं माहीत होतं, तरी सर्वांसमोर विचारलं. जुनी जखम असलेली माणसं असे प्रश्न सोडत नाहीत.

"सांगा मंग, सर. कोणं ठरवलं हे?"

"इलानं," मी म्हणालो. शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.

"अन तुमी काय केलं?"

"मी?" मी मान ताठ केली. "मी खाली बसलो. करून पाहा कधी, ओमप्रकाश. सोपं नाही."